दिंडोरीची टाकी मुंबईत रिकामी होते

द्राक्ष वर्षातून एकदाच येतं. नाशिक पट्ट्यात एप्रिलला खरड छाटणी, सप्टेंबर-ऑक्टोबरला फळासाठीची गोडी छाटणी आणि जानेवारी ते मार्च तोडणी, असं वाइनच्या बागेचं वर्ष चालतं. तोडलेलं द्राक्ष कुणासाठी थांबत नाही. त्याच दिवशी ते चिरडून टाकीत गेलं पाहिजे, म्हणजेच जानेवारी उजाडताना वायनरीत टाकी रिकामी पाहिजे. टाकी असते दिंडोरीला किंवा विंचूरला, पण ती रिकामी होते बांद्रा, लोअर परळ, फोर्ट, पवई इथल्या हॉटेलांत आणि दुकानांत. वर्षाला दहा ते पन्नास हजार बाटल्या काढणारी छोटी वायनरी समजून घ्यायची तर रसायनशास्त्राच्या आधी ही टाकी समजून घ्यावी लागते. किती द्राक्ष घ्यायचं, कोणती यंत्रं आणायची, पैसा कुठे अडकतो, मुंबईत किती गिऱ्हाइकं हवीत, हे सगळं तिच्यावरूनच ठरतं.

टाकी रिकामी झाली नाही तर काय होतं, हे महाराष्ट्राने एकदा पाहिलं आहे. २००१ साली राज्य सरकारने द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचं धोरण आणलं, राज्यातल्या द्राक्षांच्या वाइनला उत्पादन शुल्कात माफी दिली, नाशिक जिल्ह्यात विंचूरला आणि सांगली जिल्ह्यात पलूसला वाइन पार्क काढले. पुढच्या सात-आठ वर्षांत अनेक बागायतदारांनी कर्ज काढून वायनऱ्या उभ्या केल्या. २००८ मध्ये जगभर मंदी आली. त्याच वर्षी नोव्हेंबरात ताज आणि ट्रायडंट-ओबेरॉयवर हल्ला झाला आणि वाइनची हक्काची गिऱ्हाइकं असलेली मुंबईची मोठी हॉटेलं ओस पडली. जुना माल टाक्यांत तसाच राहिला, नव्या हंगामाचं द्राक्ष दारात येऊन उभं राहिलं. कराराने लावलेल्या बागांतला माल उचलला जाईना, शेतकऱ्यांनी वाइनच्या वेली काढून टाकल्या, अनेक वायनऱ्यांना टाळं लागलं. वाइन बनवायला शिकलेल्या लोकांकडे ती खपवायची तयारी नव्हती. आजही नवी वायनरी बहुधा इथेच अडकते.

हिशेब मुंबईकडून उलटा करायचा

समजा, २० टन द्राक्ष घेतलं. जात आणि दाब यांवर अवलंबून एका टनातून ६०० ते ७०० लिटर वाइन हाती लागते. ६५० धरली तर १३,००० लिटर, म्हणजे गाळ आणि गळती वजा जाता साधारण १७,००० बाटल्या. वर्षाचे कामाचे ५० आठवडे धरले तर दर आठवड्याला ३४० बाटल्या गेल्या पाहिजेत. एखादं चांगलं रेस्टॉरंट तुमची एक पेटी, म्हणजे १२ बाटल्या, पंधरा दिवसांत संपवत असेल तर आठवड्याला सहा झाल्या. या वेगाने ५६-५७ रेस्टॉरंटं लागतील. एक विक्रेता लोकलने आणि रिक्षाने फिरून जेवढी ठिकाणं नीट सांभाळू शकतो, त्याच्या दुप्पट हा आकडा आहे. नुसतं यादीत नाव लावून भागत नाही. वेटर बदलतो, मॅनेजर बदलतो, मेन्यू बदलतो, आणि दर वेळी कुणाला तरी पुन्हा जाऊन वाइन चाखवावी लागते.

आता त्यातल्या १०० बाटल्या दर आठवड्याला वायनरीच्या दारातच विकल्या तर मुंबईत ४० ठिकाणं पुरतात. शिवाय दारात विकलेल्या बाटलीत वितरकाचा आणि दुकानदाराचा वाटा वाचतो. मुंबईहून शनिवार-रविवारी नाशिकला येणारा माणूस छोट्या वायनरीसाठी सोन्यासारखा आहे तो यामुळे. जून २०२५ मध्ये समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाला आणि ठाण्याकडून येणाऱ्याचा कसाऱ्याचा घाट टळला. चाखायची खोली बांधताना संगमरवर लागत नाही. स्वच्छ ग्लास, थंड बाटली, नीट सांगणारा माणूस आणि गाडी चालवणाऱ्यासाठी द्राक्षाचा ताजा रस, एवढं आधी हवं. चाखण्याचा घोट ३० मिलिलिटरपेक्षा मोठा ठेवू नये. पाच वाइनी चाखल्या की एक ग्लास होतो, आणि समोरच्याला अजून घाट नाहीतर महामार्ग उतरायचा असतो.

ज्याच्याकडे बाग आहे पण वायनरी नाही, त्याने पहिली दोन वर्षं स्वतःची इमारत बांधू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. चालू वायनरीत टाकी भाड्याने घेऊन जॉबवर्कवर, म्हणजे मजुरी देऊन, वाइन करून घेता येते. करार लिहिताना चार गोष्टी कागदावर हव्यात: घट किती टक्क्यांपर्यंत मान्य, वाइन बिघडली तर नुकसान कुणाचं, टाकी कोणत्या तारखेपर्यंत तुमची, आणि दर आठवड्याची तपासणी कोण करून कुणाला कळवणार. तिसऱ्या मुद्द्यावर सर्वांत जास्त भांडणं होतात, कारण पुढच्या जानेवारीत टाकीच्या मालकालाही ती हवी असते.

पैसा किती दिवस अडकतो

पांढऱ्या वाइनचं द्राक्ष, म्हणजे शेनिन ब्लाँ किंवा सोव्हिन्यो ब्लाँ, जानेवारी-फेब्रुवारीत आलं तर पावसाळ्याच्या तोंडाला बाटलीत जाऊ शकतं आणि दिवाळी, नाताळ, लग्नसराईत विकलं जातं. लाल वाइन, विशेषतः लाकडी बॅरलमध्ये ठेवलेली, बाटलीत जायलाच वर्ष-सव्वा वर्ष घेते. त्यानंतर विक्री, आणि रेस्टॉरंटची उधारी दोन-तीन महिने. शिराझसारख्या लाल वाइनच्या द्राक्षाला दिलेल्या रुपयाचं तोंड पुन्हा दिसायला दीड-पावणेदोन वर्षं जातात, आणि मधल्या काळात दुसऱ्या हंगामाचं द्राक्ष रोखीने घ्यावं लागतं. म्हणून सुरुवातीला दोन भाग पांढरी आणि रोझे, म्हणजे गुलाबी, एक भाग लाल, हे प्रमाण पेलवतं. लाल वाइनचा मान मोठा असला तरी तिच्यासाठी खेळतं भांडवल दुप्पट लागतं.

खर्चाची एक बाजू नवख्याला धक्का देते. हिशेबापुरतं द्राक्ष किलोला ४० रुपये धरू. २० टनांचे ८ लाख, म्हणजे बाटलीमागे सुमारे ४७ रुपये. बाटली, बूच, टोपण, लेबल आणि पेटी मिळून ६५ रुपये धरले तर १७,००० बाटल्यांचे ११ लाख होतात. आतल्या मालापेक्षा बाहेरचा पोशाख महाग! त्यात मद्य जीएसटीच्या बाहेर असल्याने बाटली, लेबल आणि यंत्रांवर भरलेला जीएसटी वळता करून घेता येत नाही, तो खर्चातच जातो. जाड, जड बाटली निवडणाऱ्याने हे आधी मांडून बघावं. बाटलीच्या तळाचा खोल खळगा वाइन चांगली करत नाही, फक्त टेम्पोचं वजन वाढवतो.

कराचंही तसंच. महाराष्ट्रात वाइनवर २० टक्के व्हॅट आहे आणि राज्याच्या प्रोत्साहन योजनेत या २० पैकी १६ टक्के उत्पादकाला परत मिळतात. परतावा आधी भरलेल्या कराचा असतो आणि तो सरकारी गतीने येतो. तो आला तर बोनस समजावा, द्राक्षाची बिलं त्याच्या भरवशावर ठेवू नयेत. मुंबईच्या बाजाराला स्वतःचे भरती-ओहोटीचे महिनेही आहेत. श्रावण लागला की खप उतरतो, गणपती, पितृपक्ष, नवरात्र ओलांडून तो पुन्हा चढतो. नेमका याच उतरत्या काळात छाटणीचा, औषधफवारणीचा आणि बाटल्यांचा खर्च समोर असतो. जुलै ते सप्टेंबरच्या पगारांची सोय मेमध्येच करून ठेवणारी वायनरी टिकते.

यंत्रांत पहिला मान थंडाव्याला

पैसे मर्यादित असतील तर आधी चिलर, म्हणजे पाणी थंड करणारं यंत्र, आणि थंड पाणी फिरवायचं आवरण असलेल्या स्टीलच्या टाक्या, मग दाबयंत्र, पंप, जनरेटर आणि छोटी प्रयोगशाळा. फ्रेंच ओकची २२५ लिटरची बॅरलं सर्वांत शेवटी. एका बॅरलात ३०० बाटल्यांची वाइन मावते, किंमत परदेशी चलनात मोजावी लागते, आणि तीन-चार हंगामांत लाकडाचा वास उतरून जातो.

थंडावा का, हे आकड्यांत बघू. ५,००० लिटर रस २६ अंशांवर आला आणि आंबवण्याआधी गाळ बसवायला १२ अंशांवर न्यायचा असेल, तर सुमारे ७२ युनिट (किलोवॉट-तास) उष्णता काढावी लागते. आठ तासांत काढायची तर अडीच टनांहून मोठा चिलर फक्त याच कामाला जुंपावा लागेल. घरातला एसी दीड टनाचा असतो, त्यावरून अंदाज येईल. तेच द्राक्ष जानेवारीत पहाटे चारला तोडून १४ अंशांवर आणलं तर काढायची उष्णता दहा युनिटांवर येते. डोक्याला बॅटरी लावून रात्री तोडणी करायला मजूर जास्त मागतात. ते जास्तीचे पैसे चिलरच्या किमतीपेक्षा फार कमी आहेत.

आंबवण सुरू झाली की साखरेचा प्रत्येक ब्रिक्स (रसातली साखर टक्क्यांत मोजायचं एकक) उतरताना रस साधारण १.३ अंशांनी तापू पाहतो. २२ ब्रिक्सचा रस मोकळा सोडला तर तापमान यीस्टला मारण्याइतकं चढेल. पांढरी वाइन १४ ते १८ अंशांत आणि लाल २४ ते २८ अंशांत राखायची. लाल ३२ च्या वर गेली की यीस्ट थकतं आणि थोडी साखर उरलेली असतानाच काम थांबतं. अशी अडकलेली टाकी पुन्हा चालू करणं फार कष्टाचं असतं आणि दरम्यान उरलेल्या साखरेवर नको ते जंतू ताव मारतात. म्हणून हंगामात दर टाकीचं तापमान आणि ब्रिक्स दिवसातून दोनदा वहीत. साधा सेन्सर आणि फोनवर येणारा इशारा, एवढं तंत्रज्ञान रात्री वीज गेली तर अख्खी टाकी वाचवतं.

यीस्ट टाकताना होणारी चूक अगदी साधी असते. कोरडं यीस्ट, १०० लिटरला २० ते २५ ग्रॅम, दहापट कोमट पाण्यात ३७ ते ४० अंशांवर वीस मिनिटं भिजवतात. ते लगेच १२ अंशांच्या रसात ओतलं की निम्मं गारठून मरतं. भिजलेल्या यीस्टमध्ये थोडा थोडा थंड रस घालत दोन्हींतला फरक दहा अंशांच्या आत आणायचा, मगच टाकीत. तिसऱ्या-चौथ्या दिवशी कुजक्या अंड्याचा वास आला तर बहुतेक वेळा यीस्टला नत्र कमी पडलेलं असतं, किंवा बागेत भुरी या बुरशीच्या रोगासाठी मारलेलं गंधक तोडणीच्या फार जवळ मारलेलं असतं. दुसरं कारण टाळायचं तर शेतकऱ्याशी करार करतानाच शेवटच्या फवारणीची तारीख लिहून घ्यावी लागते. करारात भाव फक्त वजनावर ठेवू नये, ब्रिक्स आणि पीएचवरही ठेवावा. पीएच हे आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितका आंबटपणा जास्त. खाण्याच्या द्राक्षात मोठा मणी आणि भरघोस वजन हा गुण, वाइनच्या द्राक्षात तोच दोष. वर्षानुवर्षं खाण्याचं थॉमसन द्राक्ष पिकवलेल्या हाताला हे पचायला वेळ लागतो, आणि त्यासाठी बागेत जाऊन बसावं लागतं.

एक गोष्ट जिवाची आहे. एक लिटर रस आंबताना ५० लिटरहून अधिक कार्बन डायऑक्साइड निघतो. तो हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत आणि टाकीच्या तळाशी साचतो. चोथा काढायला टाकीत एकटं कधीही उतरायचं नाही. आधी खालून पंखा, मग वायूमापक, आणि बाहेर दोरी धरून दुसरा माणूस. आत कुणी कोसळला तर मागोमाग उडी मारणाराही कोसळतो.

सल्फरचा आकडा पीएचशिवाय वाचू नये

गरम प्रदेशात द्राक्षातलं मॅलिक आम्ल लवकर जळतं, म्हणून आपल्याकडे साखर भरपूर आणि पीएच चढा, हे नेहमीचं चित्र. वाइन टिकवायला जे सल्फर डायऑक्साइड घालतात, त्यातलं काही बांधलं जातं, काही मोकळं राहतं, आणि मोकळ्यातलं किती खरं काम करेल हे पीएच ठरवतो. पांढऱ्या वाइनला सारखंच संरक्षण द्यायला पीएच ३.२ वर लिटरला सुमारे २२ मिलिग्रॅम मोकळं सल्फर पुरतं. ३.४ वर ३२ लागतं, ३.६ वर ५०, आणि ३.८ वर ८०. म्हणजे वहीत ‘३२, ठीक आहे’ असं लिहिलेली वाइन ३.८ पीएचची असेल तर ती जवळपास उघड्यावरच आहे. सल्फर वाढवत बसण्यापेक्षा पीएच खाली आणणं बरं. लिटरला एक ग्रॅम टार्टारिक आम्लाने तो साधारण ०.१ ने उतरतो. ५,००० लिटर रस ३.७ वरून ३.५ वर आणायला अंदाजे १० किलो आम्ल लागेल, पण आधी एका लिटरवर करून बघायचं आणि आंबवण सुरू होण्याआधीच घालायचं.

पोटॅशियम मेटाबायसल्फाइटच्या वजनातलं सुमारे ५७ टक्के सल्फर डायऑक्साइड असतं. १,००० लिटरमध्ये ३० मिलिग्रॅमने वाढ हवी तर ५२ ग्रॅम पावडर. दोन दिवसांनी पुन्हा मोजायचं, कारण थोडं बांधलं गेलेलं असतं. पावडरचा उघडा डबा दमट हवेत शक्ती गमावतो, तेव्हा दर हंगामाला नवा आणावा. लाल वाइनमध्ये आयोडीनच्या नेहमीच्या पद्धतीने आकडा खऱ्यापेक्षा जास्त दिसतो, हेही ध्यानात ठेवावं. पीएच मीटर रोज सकाळी ४ आणि ७ च्या द्रावणांवर जुळवून घेतला नाही, तर हा सगळा हिशेब वाया.

बाटली मुंबईत पोचल्यावर

दादरच्या किंवा बोरिवलीच्या वाइन शॉपमध्ये जाऊन बघा. नाव वाइनचं असलं तरी पुढे व्हिस्की आणि बीअर, आणि वाइन वरच्या फळीवर, ट्यूबलाइटच्या खाली, उभी. एखाद्या बाटलीच्या टोपणावरून अंगठा फिरवला तर बूच दोन मिलिमीटर वर आलेलं हाताला लागतं. ती बाटली तापलेली आहे. २० अंशांवरून ४० वर गेल्यावर बाटलीतली वाइन साधारण पाच मिलिलिटरने फुगते आणि बुचाखाली तेवढी मोकळी जागा नसते. मग बूच वर सरकतं, थंड झाल्यावर आत हवा ओढली जाते. महिन्याभरात पांढऱ्या वाइनचा रंग गडद होतो आणि कापून ठेवलेल्या सफरचंदाचा वास येतो. गिऱ्हाईक दोष दुकानाला देत नाही, लेबलावरच्या नावाला देतं.

याचे उपाय स्वस्त आहेत. एप्रिल-मेमध्ये माल रात्री निघावा आणि सकाळी उतरावा, दिवसभर भिवंडीच्या रांगेत उभा राहू नये. दर खेपेला एका पेटीत छोटा तापमान-नोंदक ठेवावा. त्याचा आलेख पाहिला की वाहतूकदाराशी आणि वितरकाशी वाद न घालता बोलता येतं. लवकर प्यायच्या पांढऱ्या आणि रोझे वाइनला फिरकीचं झाकण घालावं. मुंबईच्या दुकानात बाटली उभीच राहणार, आणि उभी राहून बूच सुकतं, फिरकीचं झाकण सुकत नाही. त्यासाठी बाटलीची मान वेगळी लागते, म्हणून हा निर्णय बाटल्यांची ऑर्डर देण्याआधी व्हायला हवा. लेबलचा कागद ओलावा सोसणारा हवा, नाहीतर बर्फाच्या बादलीत तो पाचव्या मिनिटाला गळून पडतो आणि पावसाळ्यात गोडाऊनमध्ये त्यावर बुरशीचे ठिपके येतात. पेट्या फळ्यांवर ठेवाव्यात. दमट पुठ्ठा मऊ पडून तळची पेटी बसते.

रेस्टॉरंटमध्ये ग्लासने विकली जाणारी वाइन हे छोट्या वायनरीचं खरं दार आहे. ७५० मिलिलिटरच्या बाटलीत १५० चे पाच ग्लास. सोमवारी उघडलेल्या बाटलीतला पाचवा ग्लास शुक्रवारी गेला तर त्या गिऱ्हाइकाला तुम्ही कायमचं गमावलं. म्हणून बाटल्यांबरोबर छोट्या चिकटपट्ट्या द्या. उघडल्याची तारीख वेटरने लिहायची, पांढरी तिसऱ्या दिवसानंतर ग्लासात द्यायची नाही, लालही उघडल्यावर फ्रिजमध्येच. जिथे दिवसाला दोन ग्लासही जात नाहीत, तिथे ३७५ मिलिलिटरची बाटली द्यावी.

कायद्याच्या बाबतीत थोडक्यात: मद्याची जाहिरात करता येत नाही, वाइनसाठी किमान वय २१, पिण्याचा परवाना लागतो, आणि दर राज्यात लेबलची नोंदणी आणि शुल्क वेगळं. दोनशे पेट्यांसाठी तिसऱ्या राज्यात जाणाऱ्याचं शुल्कही सुटत नाही. जानेवारी २०२२ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने १,००० चौरस फुटांहून मोठ्या सुपरमार्केटांत वाइन विकायला मान्यता दिली होती. विरोध झाला आणि ते अमलात आलं नाही. त्या भरवशावर वाढवलेलं उत्पादन पुन्हा टाकीतच बसतं.

नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात टाक्या मोजायला बसावं. प्रत्येक टाकीसमोर तीनपैकी एक शब्द लिहायचा: बाटली, विक्री किंवा मिश्रण. डिसेंबरअखेर बाटलीत जाणार नाही अशी लाल वाइन दुसऱ्या वायनरीला टाकीच्या भावाने याच वेळी द्यावी. फेब्रुवारीत सगळेच विकायला निघतात आणि भाव पडतो. जेवढ्या टाक्या रिकाम्या होतील त्यावरून शेतकऱ्याला द्राक्षाचा आकडा कळवायचा, तोही त्याची गोडी छाटणी होऊन घड दिसू लागले असतानाच, म्हणजे त्याला दुसरं गिऱ्हाईक शोधायला दोन महिने मिळतात. मग रिकामी टाकी आधी साध्या पाण्याने, मग कॉस्टिक सोड्याच्या दोन टक्के कोमट द्रावणाने धुवायची, पुन्हा पाणी, त्यावर सायट्रिक आम्लाचं एक टक्का द्रावण, शेवटी स्वच्छ पाणी, आणि झडपेचं रबर काढून वेगळं घासायचं. गेल्या वर्षीचा वास नेमका त्या रबरामागे लपून बसतो.